नवा ट्रॅव्हल ट्रेलर, अमेरिकेतला डीलर आणि सहीआधीचे चार तास

अमेरिकेत नवा ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायचं फिरतं घर, विकणाऱ्या डीलरांच्या सेवेला एकच गुण देता येत नाही. सही होईपर्यंतच्या सेवेला दहापैकी आठ, सही झाल्यावरच्या सेवेला तीन. विक्रीच्या टेबलावर फोन पहिल्या घंटीला उचलतात. सर्व्हिसच्या टेबलावर त्याच ग्राहकाला कित्येक आठवड्यांनंतरची तारीख मिळते. न्यू जर्सी, टेक्सस किंवा बे एरियातलं मराठी कुटुंब ट्रेलर घेतं ते बहुधा स्वतःच्या स्वयंपाकघरासाठी, आणि भारतातून आलेल्या आईवडिलांना आरामात फिरवता यावं म्हणून. बहुतेकांची ही पहिलीच खरेदी असते, आणि कार घेतल्याचा अनुभव इथे फारसा कामाला येत नाही.

कारण माल तयार होतो वेगळ्या पद्धतीने. अमेरिकेतले बहुतेक ट्रेलर इंडियाना राज्याच्या उत्तर भागात, एल्कहार्ट शहराच्या आसपास बनतात. थॉर, फॉरेस्ट रिव्हर आणि विनेबेगो हे तीन मोठे समूह. जेको, कीस्टोन, एअरस्ट्रीम ही नावं थॉरकडची, ग्रँड डिझाइन विनेबेगोकडचं. ब्रँड कोणताही असो, खालची चौकट, ॲक्सल, खिडक्या बऱ्याचदा लिपर्टसारख्या एकाच पुरवठादाराकडून आलेल्या असतात. लाकडी पट्ट्या, स्टेपल, स्क्रू, प्लास्टिकच्या पाण्याच्या नळ्या असं सगळं हाताने आणि झपाट्याने जोडलं जातं. मग तो ट्रेलर शेकडो मैल महामार्गावरून ओढत डीलरकडे येतो. कारखान्यात राहिलेले दोष आणि वाटेत धक्क्यांनी सैल झालेले सांधे हे दोन्ही डीलरने ताबा देण्याआधीच्या तपासणीत शोधून दुरुस्त करायचे, अशी या धंद्याची वाटणी आहे. या तपासणीला इथे सगळे पीडीआय म्हणतात. डीलरकडून आपण खरं तर हीच सेवा विकत घेत असतो, आणि ‘प्रेप फी’ म्हणून तिचे पैसे बिलात वेगळेही लावले जातात. घोडं अडतं ते इथेच.

दाराजवळ आरव्हीआयए या उत्पादकांच्या संघटनेचा शिक्का दिसला की विक्रेता तो दर्जाचा पुरावा म्हणून दाखवतो. तो शिक्का वीज, गॅस, नळकाम आणि आगीपासूनची सुरक्षितता यांच्या नियमांपुरता आहे. कपाटाचं दार नीट लागतं का, छताच्या कडेतून पाणी झिरपतं का, याच्याशी त्याचा संबंध नाही.

किमतीचं थोडक्यात. नव्या कारच्या काचेवर किमतीचा तपशील लावणं १९५८ च्या केंद्रीय कायद्याने बंधनकारक आहे. ट्रेलरला तो कायदा लागू नाही. त्यामुळे फलकावरची ‘एमएसआरपी’ (उत्पादकाने सुचवलेली किंमत) म्हणजे घासाघीस सुरू करण्याचा आकडा समजावा. विचारायचा तो एकच आकडा: कर, नोंदणी, वाहतूक, प्रेप आणि कागदपत्रांची फी धरून शेवटची रक्कम किती, ती ईमेलवर लेखी द्या. ‘महिन्याला किती परवडेल?’ या प्रश्नाला उत्तर देऊ नका. ३८,००० डॉलरचं कर्ज ९ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी घेतलं तर हप्ता ३८५ डॉलरच्या आसपास बसतो आणि एकूण ६९,००० हून जास्त भरावे लागतात. तेच ८ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता ३६३ डॉलर. महिन्याला २२ डॉलरचा फरक कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, पण १५ वर्षांत तो ४,००० डॉलर होतो, आणि बँकेच्या दरावर असा एखादा टक्का चढवणं डीलरच्या फायनान्स खोलीत नेहमीचं आहे. आपल्या क्रेडिट युनियनची (सभासदांच्या सहकारी पतसंस्थेची) कर्जमंजुरी खिशात घेऊनच आत जावं. कापडाला संरक्षक लेप, टायरचा विमा, वाढीव सेवा करार हे त्या दिवशी नाकारावं. सेवा करार नंतरही घेता येतो, आणि सवडीने वाचला तर त्यात काय बसत नाही ते दिसतं.

वजनाच्या बाबतीत मात्र विक्रेत्याच्या शब्दावर अजिबात विसंबू नये, कारण इथे प्रश्न जिवाचा आहे. ‘तुमचा ट्रक ९,००० पौंड ओढतो, हा तर ७,५०० चाच आहे’ हे वाक्य डीलरच्या प्रत्येक लॉटवर, म्हणजे ट्रेलर उभे केलेल्या आवारात, ऐकू येतं. अडचण ओढण्याच्या क्षमतेत नसते, ट्रकच्या पेलोडमध्ये, म्हणजे ट्रक स्वतःवर किती वजन पेलू शकतो त्यात, असते. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर (ट्रक आणि ट्रेलर जोडणाऱ्या जोडणीवर) यायला हवा, नाहीतर ट्रेलर वेगात डोलू लागतो. माहितीपत्रकातलं हिचचं वजन रिकाम्या ट्रेलरचं असतं. त्यात बहुधा बॅटरी आणि भरलेले गॅसचे सिलिंडर धरलेले नसतात. ७,५०० पौंडांच्या ट्रेलरचा १२–१३ टक्के भार म्हणजे ९०० ते ९७५ पौंड. त्यात वजन वाटून देणाऱ्या हिचचे सुमारे १०० पौंड मिळवा. ट्रकच्या चालकाकडच्या दाराच्या चौकटीवरच्या पिवळ्या स्टिकरवर १,५०० पौंड लिहिले असतील, तर माणसं आणि सामान मिळून उरले साधारण ४५०. चौघांचं कुटुंबही त्यात धड बसत नाही. तसाच पिवळा स्टिकर ट्रेलरच्या दाराशी असतो, किती सामान भरता येईल ते सांगणारा. पाणी गॅलनला ८.३ पौंड भरतं. ४० गॅलनची टाकी भरली की ३३० पौंड तिथेच गेले. डीलरने दुसरा एसी किंवा जादा बॅटऱ्या बसवून १०० पौंड किंवा कमाल वजनाच्या दीड टक्के, यांपैकी जे कमी असेल त्याहून जास्त वजन वाढवलं असेल, तर त्या स्टिकरवरचा आकडा दुरुस्त करून देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. मागितल्याशिवाय तो क्वचितच मिळतो.

आता मुख्य काम. डिलिव्हरीच्या दिवशी बहुतेक डीलर आधी फायनान्स खोलीत नेतात आणि सह्या झाल्यावर ‘वॉक-थ्रू’ करतात, म्हणजे ट्रेलर फिरून दाखवतात. हा क्रम उलटा करून घ्यायचा. सह्यांच्या गठ्ठ्यात ‘ट्रेलर तपासून चांगल्या स्थितीत स्वीकारला’ असा एक कागद असतो, आणि मालविक्रीच्या कायद्यात स्वीकारण्याआधी माल नाकारणं आणि स्वीकारल्यावर तो परत करणं यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. दुकानात जाऊन केलेल्या खरेदीला तीन दिवसांत रद्द करण्याची केंद्रीय सवलतही लागू होत नाही. ती दारावर येऊन केलेल्या विक्रीसाठी आहे. म्हणून बयाणा भरतानाच पावतीवर लिहून घ्यावं: ‘वीज, पाणी आणि गॅस जोडून ग्राहकाने केलेल्या तपासणीनंतरच ताबा, दोष निघाल्यास बयाणा परत.’ तपासणीला तीन ते चार तास लागतात. शनिवारची वेळ घेऊ नका. त्या दिवशी एकामागून एक डिलिव्हऱ्या लावलेल्या असतात आणि तंत्रज्ञाचा एक डोळा घड्याळावर असतो.

पाण्यापासून सुरुवात करावी, कारण नव्या ट्रेलरमध्ये सर्वात जास्त दोष तिथेच निघतात. ताज्या पाण्याची टाकी निदान अर्धी भरायला लावा, पंप सुरू करा, सगळे नळ एकदा उघडून हवा काढा आणि बंद करा. पंप गप्प व्हायला हवा. नळ बंद असतानाही तो दर काही मिनिटांनी क्षणभर घुरघुरत असेल तर पाणी कुठेतरी मुरतंय. मग कोरडा टिश्यू घेऊन एकेक सांधा टिपायचा: सिंकखालचे सांधे, गीझरच्या मागची बाजू, कमोडच्या मागचा व्हॉल्व्ह, बाहेरच्या शॉवरचा डबा. डोळ्यांना न दिसणारा थेंब टिश्यूवर लगेच दिसतो. नंतर होज लावून बाहेरच्या दाबाने हेच पुन्हा. दाब नियंत्रक ४५ ते ५० पीएसआयला लावलेला असावा. पुढची पायरी बरेच जण गाळतात. सिंक काठोकाठ भरून एकदम सोडायचं. सांडपाण्याच्या वाकड्या नळीच्या चकत्या हाताने आवळलेल्या असतात, प्रवासात सैल होतात, आणि बारीक धारेला गळत नाहीत. भरून आलेल्या लोंढ्यालाच गळतात. पोटाखाली प्लास्टिकचं आवरण असेल तर ते कुठे फुगून खाली आलंय का पाहा. आत साचलेलं पाणी तिथे लोंबतं.

गीझरची एक खास गोष्ट. हिवाळ्यासाठी पाणी काढून टाकताना त्याचे बायपास व्हॉल्व्ह फिरवलेले असतात, आणि लॉटवर कोणीतरी टाकी रिकामी असतानाच विजेचं बटण दाबतं. आतला हीटिंग एलिमेंट तेवढ्यात जळतो. ट्रेलर दाखवताना मग गॅसवर पाणी गरम करून दाखवतात आणि सगळं ठीक वाटतं. म्हणून टाकीचा गीझर असेल तर आधी गरम नळातून पाणी येतंय याची खात्री करायची, नंतर गॅस बंद ठेवून फक्त विजेवर पाणी गरम होतं का ते पाहायचं आणि मग फक्त गॅसवर. दोन्ही वेगवेगळं. डिसेंबर ते मार्च थंड राज्यांत डीलर ‘पाइपांत अँटीफ्रीझ आहे, पाणी चालवता येणार नाही’ म्हणतात. तेव्हा ताबा वसंतात घ्यावा, नाहीतर गरम शेडमध्ये पाणी चालवून घ्यावं. तिसरा मार्ग मानू नये.

छतावर शिडी लावून चढू देत नसतील तर कडेने चारी बाजूंनी शिडीवरून पाहा. व्हेंट, एसी, अँटेना यांच्या भोवतीचं सीलंट सलग असावं. त्यात सुईएवढी भोकं, भेगा, उचललेल्या कडा नकोत. स्लाइडच्या (बाहेर सरकून जागा वाढवणाऱ्या भागाच्या) वरच्या रबरी पट्ट्या, कोपऱ्यांच्या पट्ट्या, मागच्या दिव्यांच्या कडा बघाव्यात. तीस-चाळीस डॉलरचं ओल मोजायचं यंत्र घेऊन खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांत, पलंगाखाली, पुढच्या भिंतीत टेकवून पाहायचं. एका भिंतीतला आकडा शेजारच्या भिंतीपेक्षा एकदम वर गेला तर तिथे थांबायचं. बाहेरून फायबरग्लासच्या भिंतीवर उजेड तिरका पडेल असं उभं राहून बघा. फुगवटा दिसला तर आतला थर सुटलाय, आणि अशी भिंत नंतर मूळपदावर येत नाही. असा ट्रेलर तिथेच सोडून यावा. हमखास उत्तर हवं असेल तर छताच्या व्हेंटमध्ये ब्लोअर बसवून आतला दाब वाढवतात आणि बाहेरून साबणाचं पाणी मारतात. जिथे बुडबुडे, तिथे गळती. काही डीलरांकडे हे यंत्र असतं. पैसे पडतात, पण द्यावेत.

विजेची तपासणी तुलनेने झटपट होते. ३० अँपची जोडणी म्हणजे १२० व्होल्टला ३,६०० वॉट. एसी अर्धा तास चालवून आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेच्या तापमानात सुमारे १६ ते २० अंश फॅरनहाइट फरक पडतो का बघा, प्रत्येक सॉकेटमध्ये टेस्टर लावा. मल्टिमीटर बॅटरीला लावल्यावर बाहेरची वीज जोडलेली असताना १३.२ ते १३.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. आकडा १२ च्या घरात राहून हळूहळू उतरत असेल तर कन्व्हर्टर (बाहेरच्या विजेवर बॅटरी भरणारं यंत्र) चार्ज करत नाही. दिवे मात्र बॅटरीवर छान लागलेले असतात, म्हणून हा दोष डिलिव्हरीत सुटतो आणि कॅम्पच्या दुसऱ्या रात्री कळतो. (घरी ३० अँपचं सॉकेट बसवून घेणार असाल तर इलेक्ट्रिशियनला १२० व्होल्ट असं लिहून द्या, ड्रायरचं समजून २४० व्होल्टची जोडणी केली की ट्रेलरमधली उपकरणं एका क्षणात जळतात.)

गॅसच्या फ्रिजला थंड व्हायला आठ तासांहून जास्त लागू शकतात. आदल्या संध्याकाळीच सुरू करायला सांगा आणि सकाळी आत थर्मामीटर ठेवून ४० अंश फॅरनहाइटच्या खाली आहे का पाहा. शेगडीचे सगळे बर्नर, ओव्हन, ट्रेलर उबदार ठेवणारी भट्टी एकेक करून पेटवा. रेग्युलेटरचा दाब पाण्याच्या ११ इंच स्तंभाएवढा असायला हवा आणि पाइप दाब धरून ठेवतात का, याची मॅनोमीटरने चाचणी व्हायला हवी. तिचा आकडा तपासणीच्या कागदावर लिहिलेला नसेल तर चाचणी समोर करून घ्या.

चाकांपाशी: टायरवर कोरलेल्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे म्हणजे तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष. ट्रेलर नवा असला तरी लॉटवर दोन वर्षं उन्हात उभा असू शकतो. चेसिस क्रमांकाचं दहावं अक्षर मॉडेलचं वर्ष सांगतं. आर म्हणजे २०२४, एस म्हणजे २०२५, टी म्हणजे २०२६. अर्ध्या इंची स्टडचे नट सहसा ९० ते १२० फूट-पौंडांना आवळायचे असतात. तुमच्या चाकाचा नेमका आकडा पुस्तिकेत असतो. पहिल्या १०, २५ आणि ५० मैलांवर ते पुन्हा तपासावेत; हे काम डीलर करू शकत नाही, टॉर्क रेंच तुमच्याकडेच हवा. ब्रेकअवेची (ट्रेलर ट्रकपासून सुटला तर आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेची) पिन ओढून ट्रेलर थोडा पुढे ओढा. चाकं जाम व्हायला हवीत. आणि एनएचटीएसए या केंद्रीय रस्ता-सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर आपल्या ट्रेलरचे रिकॉल (सुरक्षेच्या दोषासाठी उत्पादकाने दुरुस्तीला परत बोलावणं) पाहा. रिकॉल उघडा असताना नवं वाहन दुरुस्तीशिवाय ताब्यात देणं डीलरला कायद्याने मना आहे.

यादी हाती आली की डीलर म्हणतो, ‘आज घेऊन जा, बारीकसारीक नंतर करून देऊ.’ पडद्याची कडी, ड्रॉवरचं हँडल यांसाठी चालेल. पाणी, गॅस, ब्रेक, छत, स्लाइड यांसाठी नाही. जे नंतर करायचं ते ‘वुई ओ’ (आमच्याकडून देणं बाकी) नावाच्या कागदावर भागाचं नाव, काम आणि तारीख घालून मॅनेजरच्या सहीने घ्यावं. तोंडी आश्वासनाला इथे कोणी भीक घालत नाही, कारण करारातच ‘लेखी आहे तेवढंच’ असं कलम असतं. पहिल्या दोन रात्री डीलरपासून वीसेक मैलांच्या आतल्या कॅम्पग्राउंडवर काढाव्यात. एवढ्यात जे निघेल ते परत नेणं सोपं जातं.

सहीनंतरची सेवा तीन गुणांवर का अडकते, तर वॉरंटीच्या कामाला उत्पादक डीलरला रोखीच्या गिऱ्हाइकापेक्षा सहसा कमी दर आणि मोजके तास देतो. फोटो पाठवायचे, मंजुरी घ्यायची, भाग मागवायचा, मग काम. तोवर ट्रेलर लॉटवर उभा राहतो आणि उन्हाळा संपतो. म्हणून काम मंजूर होऊन भाग येईपर्यंत ट्रेलर स्वतःकडेच ठेवा आणि भाग आल्यावरच न्या; फक्त असुरक्षित असेल तर सोडून या. वॉरंटी बहुधा एक वर्षाची, काहींची चौकटीपुरती तीन वर्षांची असते. फ्रिज, एसी, ॲक्सल, टायर यांची वॉरंटी त्या त्या कंपनीकडे स्वतंत्र, तेव्हा क्रमांकांचे फोटो काढून सगळ्यांची नोंदणी पहिल्याच आठवड्यात करावी. डीलर चालढकल करत असेल तर थेट उत्पादकाला फोन करून घरी येणाऱ्या मोबाइल तंत्रज्ञाची मंजुरी मागता येते. मंजुरी क्रमांक लेखी मिळाल्याशिवाय काम सुरू करू नका. दर खेपेला आत-बाहेरच्या तारखांसह वर्क ऑर्डर घ्या, ‘दोष आढळला नाही’ असं लिहिलं असलं तरी. पुढे ट्रेलर किती दिवस दुरुस्तीत गेला ते मोजायची वेळ आली तर हेच कागद लागतात.

कायद्याची साथ राज्यागणिक बदलते. पुष्कळ राज्यांच्या लेमन लॉमध्ये, म्हणजे सदोष नव्या वाहनाच्या ग्राहकाला संरक्षण देणाऱ्या कायद्यात, ओढून न्यायचे ट्रेलर बसत नाहीत. टेक्ससमध्ये बसतात, आणि तिथल्या मोटार वाहन खात्याकडे ३५ डॉलर भरून तक्रार करता येते. १९७५ चा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा मात्र देशभर लागू आहे. त्याखाली दावा जिंकला तर वकिलाचा खर्च समोरच्याकडून मिळू शकतो, आणि ‘बाहेर दुरुस्ती केली म्हणून वॉरंटी गेली’ एवढ्याच कारणाने हात वर करता येत नाहीत. वॉरंटीच्या पुस्तिकेत खटला इंडियानातच भरायचा असं कलम आहे का, लवादाची अट आहे का, हे खरेदीआधी वाचा. डीलरमार्फत कर्ज घेतलं असेल तर करारात एक ठळक सूचना असते: डीलरविरुद्धचे तुमचे दावे कर्ज विकत घेणाऱ्या बँकेविरुद्धही चालतात, भरलेल्या रकमेच्या मर्यादेत. डीलरला पाठवलेल्या पत्राची प्रत त्या बँकेला गेली की उत्तरं येऊ लागतात. पत्र एका पानाचं, दोष, तारखा, वर्क ऑर्डरचे क्रमांक आणि ठरावीक मुदत एवढंच असलेलं, पोचपावतीच्या सर्टिफाइड टपालाने. त्यानंतर राज्याच्या ॲटर्नी जनरलचा ग्राहक विभाग आणि डीलरचा परवाना देणारं खातं. छोट्या रकमेसाठी स्मॉल क्लेम्स कोर्टाची मर्यादा कॅलिफोर्नियात व्यक्तीला १२,५०० डॉलर, टेक्ससच्या जस्टिस कोर्टात २०,०००, न्यू जर्सीत ५,०००.

डीलर निवडताना हजार डॉलर स्वस्त पण तीनशे मैल दूर, की घराजवळचा? घराजवळचा, पण एक फोन करून मग. विक्रीला नाही, सर्व्हिसला: ‘वॉरंटीचं गळतीचं काम आहे, सगळ्यात लवकरची तारीख कोणती?’ हंगामात दोन-तीन आठवडे सांगितले तर ठीक. दोन महिने सांगितले तर त्या दुकानाची खरी सेवा तीच. घराजवळचे डीलर आपल्याकडून न घेतलेल्या ट्रेलरला रांगेत शेवटी उभं करतात किंवा घेतच नाहीत, म्हणून दूरचे हजार डॉलर पहिल्या गळतीतच वळते होतात. दुसरा प्रश्न: एनआरव्हीआयए या निरीक्षकांच्या संघटनेचा प्रमाणित स्वतंत्र निरीक्षक सहीआधी आणला तर चालेल का? निरीक्षकाचे काही शे डॉलर जातात. सरळ डीलर ‘वेळ ठरवून घेऊन या’ म्हणतो. ‘आमच्या विम्यात ते बसत नाही’ असं उत्तर आलं, तर बयाण्याचं कार्ड खिशातच ठेवून पुढच्या दुकानाचा नंबर लावावा.